घरच्या सर्व्हरवर सर्व्हर प्रशासन शिकताना : कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील काही विद्यार्थी, दोन-तीन शिक्षक आणि मुंबईची नोकरी सोडून गावी परतलेले काही गृहस्थ घरच्या सर्व्हरविषयी, म्हणजे इतर यंत्रांना सेवा पुरवत सतत चालू राहणाऱ्या संगणकाविषयी, गेली काही वर्षे मला जे प्रश्न विचारीत आले आहेत, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे वाडीतल्या एका जांभ्याच्या घरात चालणाऱ्या यंत्रांच्या अनुभवावर आधारलेली आहेत. वातानुकूलित खोलीत बसून वाचणाऱ्यास त्यांतील काही काळजी अनाठायी वाटेल. ती तशी नाही, हे पहिल्या पावसाळ्यानंतर सांगावे लागत नाही.

घरी सर्व्हर चालवून नेमके काय शिकायला मिळते? क्लाउडमधील भाड्याच्या यंत्रावर तेच शिकता येणार नाही का?

बरेचसे येईल. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या कमांड, वापरकर्ते आणि त्यांचे अधिकार, सेवा सुरू-बंद करणे, लॉग म्हणजे यंत्राने ठेवलेल्या नोंदी वाचणे हे सारे भाड्याच्या यंत्रावरही जमते, आणि ज्याच्याकडे यंत्र ठेवण्यास जागा नाही त्याने खुशाल तसेच करावे. मात्र तेथे वीज, डिस्क, नेटवर्कची तार आणि यंत्राचे घड्याळ यांची काळजी दुसराच कोणी वाहत असतो. घरी ती आपल्या गळ्यात पडते, आणि कोकणात ती दर आठवड्याला पडते.

नेहमी घडणारा एक प्रसंग पाहू. वीज गेली आणि दीड तासाने आली. सर्व्हर अर्ध्या मिनिटात उभा राहिला, पण राउटरला उभे राहण्यास तीन मिनिटे लागली. तेवढ्या वेळात नेटवर्कवर अवलंबून असलेली एक सेवा सुरू होण्याचे ठरलेले प्रयत्न संपवून बंद पडली. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असल्यामुळे यंत्राचे घड्याळ काही वर्षे मागे गेले होते. त्यामुळे बाहेरच्या सर्व्हरांची सुरक्षा प्रमाणपत्रे ‘अजून लागू झालेली नाहीत’ असे यंत्राला वाटू लागले आणि अद्ययावत करण्याची कमांड भलत्याच चुका दाखवू लागली. घरच्या मंडळींच्या लेखी एवढेच की ‘नेट गेलं’. शिकणाऱ्याने मात्र वीज, तार, आयपी पत्ता (नेटवर्कवरील यंत्राचा क्रमांक), नावावरून तो पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा, घड्याळ, प्रमाणपत्र आणि शेवटी मूळ सेवा या क्रमाने खालून वर चढत जायचे असते. हा क्रम अंगी मुरणे म्हणजेच निम्मे प्रशासन, आणि तो पाठ करून येत नाही.

सुरुवातीला कोणते यंत्र घ्यावे?

घरात पडून असलेला जुना लॅपटॉप पहिल्या सहा महिन्यांसाठी उत्तम असतो. त्याला स्वतःची बॅटरी, पडदा आणि कळफलक असतो, त्यामुळे नेटवर्कची मांडणी आपल्याच हातून बिघडली तरी समोर बसून ती दुरुस्त करता येते. बॅटरी फुगलेली असेल तर ती आधी काढून टाकावी, कारण चोवीस तास चार्जरला लावलेली फुगलेली बॅटरी घरात ठेवणे हा उघड धोका आहे. झाकण मिटल्यावर यंत्र झोपी जाणार नाही अशी सेटिंगही पहिल्याच दिवशी करावी.

विकतच घ्यायचे असेल तर कार्यालयांतून निघालेला, पुस्तकाएवढ्या आकाराचा जुना मिनी पीसी घ्यावा. आठ किंवा सोळा जीबी रॅम आणि एक एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) एवढे पुरते. रास्पबेरी पाय हा खिशात मावणारा संगणक गुणी आहे, पण केवळ एसडी कार्डावर चालवल्यास वीज जाण्या-येण्यात कार्डावरील माहिती खराब होण्याची शक्यता मोठी असते. तो घेतल्यास एसएसडी जोडावी. रॅकमध्ये बसणारे जुने कंपनी-सर्व्हर स्वस्तात मिळतात, परंतु त्यांचा पंखा माजघरात लागला की रात्री कोणाला झोप येत नाही. त्यांचा मोह टाळावा.

विजेचे बिल किती वाढेल?

हिशेब सरळ आहे. सरासरी 15 वॅट घेणारा मिनी पीसी दिवसाला 0.36 युनिट आणि महिन्याला सुमारे 11 युनिट वीज घेतो. 60 वॅट घेणारा जुना डेस्कटॉप महिन्याला 43 युनिटांवर जातो, आणि 150 वॅट घेणारा रॅक सर्व्हर 108 युनिटांवर. घरगुती वीजदराचा पहिला टप्पा 100 युनिटांपर्यंत असतो, हे लक्षात घेतले की शेवटचा पर्याय दुप्पट बोचतो. प्लगला लावायचे छोटे वॅटमीटर मिळते. अंदाज बांधण्यापेक्षा ते लावून पाहावे.

वीज वारंवार जाते. यूपीएस घ्यावा की घरचा इन्व्हर्टर पुरेल?

इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल आणि त्यावर ‘यूपीएस मोड’ची कळ असेल, तर ती चालू करून बहुतेक लहान यंत्रे त्यावर चालतात. साध्या मोडमध्ये वीज बदलण्यास जो वेळ लागतो, तेवढ्यात संगणक पुन्हा सुरू होण्याची शक्यता असते. तथापि इन्व्हर्टर सर्व्हरला ‘वीज गेली आहे’ असे सांगत नाही, आणि शिकण्याच्या दृष्टीने सांगणे हाच यूपीएसचा मुख्य उपयोग आहे. यूएसबी तारेने सर्व्हरशी बोलणारा यूपीएस आणि नेटवर्क यूपीएस टूल्स हे मुक्त सॉफ्टवेअर यांची जोड लावली की बॅटरी ठरावीक पातळीखाली उतरताच सर्व्हर स्वतः नीट बंद होतो. यूएसबी तारेची सोय नसलेले यूपीएस बाजारात बरेच आहेत, तेव्हा विकत घेताना मागची बाजू पाहून घ्यावी.

माझा पहिला यूपीएस असाच मुका होता. त्यावर काढलेली युक्ती आजही चालू आहे. एक टाकाऊ वायफाय राउटर मुद्दाम साध्या विजेवर ठेवला, बाकी सर्व यूपीएसवर. सर्व्हर दर मिनिटाला त्या राउटरला पिंग करतो, म्हणजे ‘जागा आहेस का’ असे विचारतो. सलग दहा वेळा उत्तर आले नाही तर वीज गेली असे समजून सेवा क्रमाने बंद करतो आणि स्वतःही बंद होतो. पंधरा ओळींची ती स्क्रिप्ट लिहिताना मी जेवढे शिकलो तेवढे कोणत्याही तयार साधनाने शिकवले नसते.

लहान यूपीएसमध्ये साधारणतः 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे कागदावर 84 वॅट-तास. मिनी पीसी आणि राउटर मिळून 25 वॅट घेत असतील तर कागदोपत्री तीन तासांहून अधिक निघतात. प्रत्यक्षात यूपीएसचा स्वतःचा खर्च आणि बॅटरीचे वय जमेस धरून तासाभराची अपेक्षा ठेवावी. वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे म्हणून बायोसमधील, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमधील, संबंधित पर्याय चालू करण्यास बरेच जण विसरतात.

लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी4 फाइल प्रणालीत (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीत) जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंद, असते, म्हणून अचानक वीज गेल्याने काही बिघडत नाही, असे अनेक जण म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. जर्नल फाइल प्रणालीची रचना सांभाळते. त्या क्षणी लिहिल्या जात असलेल्या मजकुराची हमी ते देत नाही.

विजांच्या दिवसांत काय करावे?

आपल्याकडे विजांचा खरा जोर पाऊस स्थिरावण्याआधी, मे आणि जूनच्या आरंभी, आणि पुन्हा परतीच्या पावसात असतो. भर आषाढात गडगडाट त्या मानाने कमी. या दोन मुदतींत सर्व्हर चालू ठेवण्याचा हट्ट धरू नये. ढग दाटले की नीट बंद करून प्लग काढावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही.

तांब्याची तार हा यातला विसरला जाणारा वाटसरू. घरातून गोठ्यापर्यंत किंवा आंब्याच्या पॅकिंगच्या शेडपर्यंत नेलेली नेटवर्कची तार जवळपास पडलेल्या विजेचा दाब थेट स्विचमध्ये आणते आणि तेथून तो दाब सर्व यंत्रांत पसरतो. दोन इमारतींमध्ये ऑप्टिकल फायबरच टाकावी, कारण काच वीज वाहून नेत नाही. दोन टोकांना लावायचे, फायबर आणि तांब्याची तार यांना जोडणारे मीडिया कन्व्हर्टर आता फार महाग राहिलेले नाहीत. झावळी पडून फायबर तुटेल, पण यंत्र जळणार नाही.

अर्थिंगची गोष्ट वेगळी. जांभ्याच्या सड्यावर उन्हाळ्यात जमीन इतकी कोरडी होते की पावसाळ्यात ठीक असलेले अर्थिंग एप्रिल-मेमध्ये नावापुरते उरते, आणि नेमका त्यानंतरच विजांचा हंगाम येतो. त्या खड्ड्यात पाणी घालावे आणि वायरमनकडून मीटर लावून मोजून घ्यावे. अर्थिंगच धड नसेल तर दाब अडवणारा महागडा बोर्ड आपले अर्धेअधिक काम करूच शकत नाही.

खारी, दमट हवा यंत्रांना खाते असे म्हणतात. ते खरे आहे का?

होय, आणि त्याचे कारण नेमके आहे. साधे मीठ सुमारे 75 टक्के सापेक्ष आर्द्रतेला हवेतील पाणी शोषून स्वतःच विरघळू लागते. समुद्री मिठातील मॅग्नेशियमचे क्षार त्याहून पुष्कळ आधी ओलावतात. किनाऱ्यावरून येणारे मिठाचे सूक्ष्म कण पंख्यावाटे यंत्रात जाऊन बसतात, आणि पावसाळ्यात आर्द्रता या मर्यादेच्या वर राहिली की त्यांचा वीज वाहणारा ओलसर थर तयार होतो. रॅमचे संपर्क काळवंडणे आणि नेटवर्कचे पोर्ट मधूनमधून सुटणे ही त्याची पहिली लक्षणे.

उपाय अंतर्ज्ञानाच्या उलट आहे: पावसाळ्यात यंत्र बंद करून कपाटात ठेवू नये, विजांचे दिवस सोडता चालूच ठेवावे. चालू यंत्र भोवतालच्या हवेपेक्षा गरम असते, त्यामुळे त्यात दमटपणा टिकत नाही. पडवी आणि खिडकीचा कट्टा टाळून माजघरातील आतली भिंत निवडावी, आणि चुलीचा धूर तेथे पोहोचत नाही हे पाहावे. गणपतीआधी घराची झाडलोट होतेच, त्या वेळी यंत्र उघडून कोरड्या मऊ ब्रशाने धूळ काढावी. पाली आणि मुंग्या यांना उबदार स्विच फार आवडतो. रिकामे पोर्ट झाकण्याची रबरी बुचे मिळतात.

कोणती ऑपरेटिंग सिस्टीम निवडावी?

डेबियन किंवा उबुंटू सर्व्हर. डेबियनची घोषणा 1993 सालची, म्हणजे लिनक्सच्या जन्मानंतर अवघ्या दोन वर्षांनी झालेली. तिची तेरावी आवृत्ती ऑगस्ट 2025 मध्ये आली. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते. नोकरीसाठी रेड हॅट या कंपनीच्या पठडीतील प्रणाली शिकायची असेल तर रॉकी किंवा अल्मा घ्यावी. जुन्या पुस्तकांत सुचवलेल्या सेंटओएस लिनक्सची आठवी आवृत्ती 31 डिसेंबर 2021 रोजी थांबली आहे. कोणतीही एक घ्यावी आणि वर्षभर बदलू नये.

प्रॉक्समॉक्स, डॉकर आणि कुबरनेटिस यांपासूनच आरंभ केला तर?

अनेक यंत्रांवर पसरलेल्या सेवांचा कारभार सांभाळणारे कुबरनेटिस आत्ता नको. प्रॉक्समॉक्स लवकर घेण्यास हरकत नाही, कारण एका यंत्रात अनेक आभासी यंत्रे उभी करून ती बिनधास्त मोडता येतात आणि स्नॅपशॉटवरून, म्हणजे आधी टिपून ठेवलेल्या स्थितीवरून, क्षणात पूर्वपदावर आणता येतात. सेवा तयार पेटीतून चालवणाऱ्या डॉकरविषयी माझे मत थोडे कडक आहे. दुसऱ्याने लिहिलेली फाइल उतरवून एका कमांडमध्ये दहा सेवा उभ्या करता येतात, आणि त्यांपैकी एकही बिघडली की काय करावे हे मात्र ठाऊक नसते. पहिली वेब सेवा आणि पहिला डेटाबेस हाताने, पॅकेजमधून बसवावा. त्याची मांडणीची फाइल कोठे असते, लॉग कोठे जातो, तो कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो हे पाहून घ्यावे. त्यानंतर डॉकर घ्यावे.

पहिली सेवा कोणती उभारावी?

जिच्यावाचून घरात कोणाचे तरी अडेल अशी. जाहिराती गाळणारी पाय-होल ही डीएनएस सेवा शिकण्यास चांगली, कारण ती पडली की पाच मिनिटांत आतून हाक येते. कुटुंबाच्या फोटोंसाठी नेक्स्टक्लाउड हे साठवणीचे सॉफ्टवेअर किंवा आंबा-काजूच्या हिशेबाची सामाईक फाइल ठेवणारा सांबा सर्व्हरही चालेल. गणपतीत चाकरमानी घरी आले आणि वीस मोबाइल एकदम फोटो चढवू लागले, की भार म्हणजे काय हे आपोआप कळते. माझ्याकडे त्या रात्री डिस्क नव्वद टक्क्यांवर गेली होती आणि इशारा देणारी व्यवस्था मी ‘सवडीने करू’ म्हणून ठेवली होती.

मराठी नावांच्या फाइलींमध्ये अडचण येते का?

एक ठरावीक अडचण येते आणि तिने अनेकांना चकवले आहे. ईएक्सटी4 मध्ये फाइलच्या नावाची मर्यादा 255 बाइट आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-8 पद्धतीत तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे असतात. म्हणजे नाव फार तर 85 चिन्हांचे होऊ शकते. विंडोजवर मर्यादा 255 एककांची आणि देवनागरीचे चिन्ह एकाच एककाचे असल्याने तेथे चालणारे ‘आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे…’ अशा धर्तीचे लांबलचक नाव लिनक्सवर नक्कल करताना नाकारले जाते. नावे आखूड ठेवावीत.

इंग्रजी कच्चे असेल तर जमेल का?

जमेल. डेबियन बसवताना मराठी निवडता येते, तरी सर्व्हरची भाषा इंग्रजीच ठेवावी, कारण चूक दाखवणारा संदेश इंटरनेटवर जसाच्या तसा शोधता आला पाहिजे. लागणारे शब्द दोनशेच्या आत आहेत.

घराबाहेरून सर्व्हरपर्यंत कसे पोहोचावे?

प्रथम राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा आयपी पत्ता पाहावा. तो 100.64 पासून 100.127 पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल तर आपण अनेक ग्राहकांत वाटून घेतलेल्या पत्त्यामागे आहोत, आणि राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे दार, उघडण्याचा काही उपयोग नाही. गावोगावच्या जोडण्यांत आणि मोबाइल इंटरनेटवर ही स्थिती नेहमीची आहे. अशा वेळी बाहेर एक लहान भाड्याचे यंत्र घ्यावे आणि घरच्या सर्व्हरने स्वतःहून त्याच्याशी वायरगार्ड या व्हीपीएन तंत्राचा, म्हणजे सुरक्षित खासगी जोडणीचा, बोगदा जोडावा. हे तंत्र मार्च 2020 मध्ये आलेल्या लिनक्स 5.6 पासून कर्नलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच, आहे. बोगदा जिवंत राहण्यासाठी दर 25 सेकंदांनी एक खूण पाठवण्याची सोय त्यात आहे, ती चालू करावी.

दुरून कमांड देण्याच्या एसएसएच सेवेचे 22 क्रमांकाचे पोर्ट थेट जगासमोर ठेवू नये. ठेवले तर काही तासांत अनोळखी ठिकाणांहून पासवर्ड चाचपण्याचे प्रयत्न लॉगमध्ये दिसू लागतात. किल्लीने (संगणकात ठेवलेल्या गुप्त फाइलने) प्रवेश चालू करून पासवर्डचा प्रवेश बंद करावा, आणि तसे करताना आधीची जोडणी तोडू नये. दुसऱ्या खिडकीतून नवी जोडणी होते हे पाहिल्यावरच पहिली सोडावी. हा नियम मोडून मी चिपळूणहून घरी परतेपर्यंत माझ्याच सर्व्हरबाहेर बसलो आहे.

बॅकअप कसा ठेवावा? दोन डिस्कांचे रेड केले आहे, ते पुरणार नाही का?

नाही. रेड म्हणजे दोन्ही डिस्कांवर तोच मजकूर एकदम लिहिण्याची व्यवस्था, ती एक डिस्क मेली तरी काम चालू ठेवते. आपण चुकून पुसलेली फाइल ती दोन्ही डिस्कांवरून तितक्याच निष्ठेने पुसते.

प्रचलित नियम तीन प्रतींचा आहे: दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. दुसरे गाव ही अट कोकणात विशेष गांभीर्याने घ्यावी. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, आणि 22 जुलै 2021 रोजी चिपळूण शहर पाण्याखाली गेले. अशा वेळी एक प्रत घरी आणि दुसरी दुकानात असणे म्हणजे दोन्ही एकाच पुरात असणे होय. आमच्याकडे दोन बाह्य डिस्क आहेत. शिमग्याला मुंबईहून येणारा चुलतभाऊ एक आणतो आणि दुसरी नेतो, गणपतीला पुन्हा अदलाबदल होते. डिस्क कूटबद्ध आहे, आणि तिचा परवलीचा शब्द कागदावर लिहून डिस्कपासून वेगळा ठेवला आहे. याखेरीज रेस्टिक हे बॅकअपचे साधन वापरून रोजचा बदललेला भाग इंटरनेटवरून बाहेर जातो.

आता माझी चूक. रोज रात्री आरसिंक या साधनाने बाह्य डिस्कवर नक्कल होत असे आणि ‘यशस्वी’ असा संदेशही येत असे. एका रात्री वीज गेल्यानंतर ती डिस्क जोडली गेलीच नव्हती. जोडण्यासाठी केलेला रिकामा फोल्डर मात्र जागेवर होता, आणि आरसिंक चार महिने त्या फोल्डरमध्ये, म्हणजे मूळ डिस्कवरच, नक्कल करीत राहिला. डिस्क भरली तेव्हा हे उघडकीस आले. आता स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत डिस्क खरोखर जोडलेली आहे का हे माउंटपॉइंट या कमांडने तपासले जाते, आणि नसेल तर काम तेथेच थांबते. ‘यशस्वी’ हा संदेश बॅकअपचा पुरावा नसतो. परत आणलेली आणि उघडून पाहिलेली फाइल हा पुरावा असतो.

मुद्दाम बिघाड करून शिकावे असे सांगतात, ते कसे?

महिन्यातून एक रविवार ठरवावा आणि घरच्यांना आधी सांगावे. एका आभासी यंत्राची डिस्क मोठी निरुपयोगी फाइल टाकून पूर्ण भरावी आणि कोणती सेवा आधी कोलमडते ते पाहावे. सुरू होताना जोडायच्या (माउंट करायच्या) डिस्कांची यादी ठेवणाऱ्या एफएसटॅब या फाइलमध्ये एक चूक करून यंत्र पुन्हा सुरू करावे; ते आणीबाणीच्या अवस्थेत थांबेल, तेथून बाहेर यावे. घड्याळ मागे न्यावे. डीएनएस बंद करावे. वर्षातून एकदा कोऱ्या एसएसडीवर केवळ आपली नोंदवही आणि बॅकअप यांच्या आधारे सर्व्हर पुन्हा उभा करावा आणि लागलेले तास लिहून ठेवावेत. पहिल्या वेळी मला दोन दिवस लागले, कारण नोंदवही सर्व्हरवरच होती.

नोंदवही कागदावर का ठेवावी?

वरील उत्तरातच कारण आले आहे. प्रत्येक बदलाची तारीख, आधीची स्थिती, नवी स्थिती आणि बदल उलटवण्याची रीत एवढे लिहावे. वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी. जुलैत कागदालाही बुरशी लागते.

यातून नोकरी मिळते का?

केवळ घरी सर्व्हर आहे म्हणून मिळत नाही, परंतु मुलाखतीत ‘सर्व्हर संथ झाला तर काय कराल’ या प्रश्नाला पाठ केलेले आणि भोगलेले उत्तर यांतील फरक विचारणाऱ्यास लगेच कळतो. रेड हॅटची आरएचसीएसए ही परीक्षा पर्याय निवडण्याची नसून प्रत्यक्ष यंत्रावर कामे करून दाखवण्याची असते, त्यामुळे घरच्या सरावाचा तेथे थेट उपयोग होतो. घरी न शिकता येणाऱ्याही गोष्टी आहेत: शेकडो यंत्रे एकदम सांभाळणे, बदलापूर्वी चार जणांची मंजुरी घेणे, रात्री दोनला आलेल्या फोनवर परक्या माणसाशी शांतपणे बोलणे. त्या कामावर रुजू झाल्यावरच येतात, आणि मुलाखतीत हे स्वतःहून मान्य करावे.

चार दिवस गावाला जायचे असेल तर सर्व्हर चालू ठेवावा का?

मे, जूनचा आरंभ आणि ऑक्टोबर या काळात बंद करून, विजेचा प्लग आणि नेटवर्कची तार दोन्ही काढून जावे. एरवी चालू ठेवावा, मात्र दुसरी एखादी डीएनएस सेवा राउटरवर लावून ठेवावी, म्हणजे मागे राहिलेल्या आजीला दूरदर्शन संचावर कीर्तन पाहताना आपल्याला फोन करावा लागणार नाही.